बोर्ड पलटवा, डोंगरे आले

परवा आत्याबाईचा फोन आला. आत्याबाई म्हणजे माझी सासू, कलाबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. पाऊसपाणी, नातवंडं, शेजारणीची म्हैस, सगळं सांगून झाल्यावर फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "अवं, डोंगरे कंडक्टर आता बसूनच राह्यते. पायानं जवाब देल्ला त्याइच्या."

तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. माणूस म्हातारा होतो, पाय जातात, हे कळतं. पण बसलेले डोंगरेकाका माझ्या डोळ्यांपुढे येतच नाहीत. मी त्यांना आयुष्यात एकदाच बसलेलं पाहिलं आहे, आणि ते बसणं काही चांगलं नव्हतं.

मी हे तिरुपूरहून लिहिते आहे. इथं बनियनच्या कंपनीत मी ओव्हरलॉक शिलाई मशीनवर असते, नवरा इस्त्रीवर. सकाळी बसस्टॉपवर उभी राहते तेव्हा समोरून गाडीमागून गाडी जाते, आणि बोर्डावरची तामिळ अक्षरं मला मशीनखाली पडलेल्या दोऱ्यांच्या तुकड्यांसारखी दिसतात. चुकीच्या गाडीत चढेन, ही भीती वाटते. ही भीती माझ्या ओळखीची आहे. मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर वाटायची तीच. चौथीत माझी शाळा सुटली, कारण आई-बाप संत्र्याच्या बागेत कामाला आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोणी नाही. जी थोडी अक्षरं आली होती ती लग्नापर्यंत पुसून गेली. ती परत आली ती डोंगरेकाकांमुळे. ते सहज आलेलं देणं नाही, म्हणून परत हरवेल की काय ही धाकधूक मला अजून असते. दुकानांच्या पाट्यांवर कुठं एखादा हिंदी शब्द दिसला तरी मी थांबून वाचून घेते. येतंय का अजून, बघायला.

काका मास्तर नव्हते. पांढुर्णा, सौंसर, छिंदवाडा अशा खासगी गाडीवर ते कंडक्टर होते. जन्म त्यातच गेला. गुडघे सुजायला लागले तसं मालकानं गाडीवरून उतरवलं. त्याच सुमारास मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायचं सरकारी काम निघालं होतं आणि गावात शिकवायला कोणी मिळत नव्हतं. काका आपणहून उभे राहिले. पगार नाही, असं साहेबानं बजावलं, तर म्हणाले, "पगारावर होतो तवा तरी पगार कुठं होता?"

आमचा वर्ग भरायचा संत्र्याच्या मंडीमागच्या टिनाच्या शेडात. आम्ही बायका, मी आणि आत्याबाईही, तिथं संत्री निवडायचो. मोठी वेगळी, मधली वेगळी, डागाळलेली वेगळी, आणि मग क्रेटमध्ये भरायची. दुपारी भाकर खाऊन झाली की रिकामे क्रेट पालथे घालून आम्ही त्यावर बसायचो. दोन रांगा, मध्ये वाट. ही वाट ठेवायची सक्ती काकांची. वाट नसली की त्यांना शिकवता येत नसे. खडू कानावर, हातातले कागद उभे दुमडून बोटांच्या बेचक्यात, नोटा धरतात तसे. शेडात मुंगी जायला जागा नाही अशा बेतानं ते आडव्या अंगानं त्या वाटेनं पुढं-मागं करायचे, एकेकीच्या पाटीत डोकावायचे. टोकाला पोचले की लोखंडी खांबाला पाठ लावून पाय फाकवून उभे राहायचे, आणि थोडे हलायचे. शेड जागच्या जागी असायचं, काका हलायचे.

"काका, बसा नं जरा," एखादी म्हणायची.

"बसलं का मले गाडी लागते वं. उभ्यानं काही होत नाही."

चहासुद्धा उभ्यानं. एक पाय क्रेटवर.

आमची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. सगळ्या सवाऱ्या, गाडीतल्या उतारूंसारख्या. मागची सवारी, खांबाजवळची सवारी, डब्बेवाली सवारी. मी नेहमी दाराशी बसायची, कोणी हाक मारली तर पटकन उठता यावं म्हणून. माझं नाव दरवाज्याजवळची सवारी. एकदा माझ्या पाटीवर वाकून हळूच म्हणाले, "दरवाज्याजवळच्या सवारीले म्या पयल्यापासून ओयखतो. तिले वाटते का आपला स्टॉप निघून जाईन. पोरी, आत सरक. तुया स्टॉप मले मालूम हाय." मी आत सरकले नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी दाराकडे न पाहता पूर्ण ओळ लिहिली.

सरकारकडून पुस्तक आलं होतं. हिंदी. आम्ही घरी बोलतो मराठी, तीही आमची अशी, शाळा-कचेरी हिंदी. काकांनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि खिशात घातलं. "बुक चांगलं हाय. पन ही गाडी आपल्या गावावरून जात नाही." मग टिनाच्या भिंतीवर खडूनं त्यांनी पहिला शब्द लिहिला, पांढुर्णा. वर टिंब, डोक्यावर रफार, सगळं पहिल्याच दिवशी. तपासणीला आलेला साहेब वैतागला. आधी सोपे शब्द घ्या, कमल, नल, घर, असं म्हणाला. काका हात जोडून म्हणाले, "साहेब, सोप्या नावाच्या गावात राहाले गेलो असतो. पन घर इथंच हाय, काय करता." साहेबही हसला. पांढुर्ण्यानंतर सौंसर, लोधीखेडा, जामसांवली, छिंदवाडा, नागपूर. अक्षरं आम्हाला त्या क्रमानं आली. अजूनही मला 'छ' दिसला की घाटाचा वळणाचा रस्ता आठवतो.

अडलेला शब्द ते कधी सांगत नसत. एखादी अडली आणि आशेनं त्यांच्याकडे पाहू लागली की ते ओठ घट्ट मिटून वर टिनाकडे बघायचे. जन्मभर ओरडलेला माणूस, आणि असा गप्प. कितीही वेळ. शेजारणीनं हळूच सांगितलं तर चिडायचे. "सांगू नको! तिची गाडी तिले पकडू दे!" त्यांचा एकच नियम होता, इचारायचं नाही. वाचायचं. इचारायचं नाही.

आणि त्यांची परीक्षाही तशीच. जिला वाचता येऊ लागलं असं त्यांना वाटे, तिला ते 'फेरी'वर पाठवत. एकटीनं पांढुर्ण्याहून सौंसर, तिथून गाडी बदलून जामसांवलीच्या मारुतीला, आणि परत. वाटेत कोणालाही न विचारता. फक्त बोर्ड वाचून.

"काका, तुम्ही तं जयभीमवाले. मारुतीच्या देवळात काऊन पाठवता?" आत्याबाईनं एकदा टोचलं. तिची जीभ अशीच.

"मले देवाशी काय घेनं? तुले सौंसरले बोर्ड वाचाले जाते म्हनून घरून सोडतीन का? जामसांवलीले जाते म्हन, सासरा उठून पिसवी आनून देईन."

खरंच होतं ते. मंडीतल्या बऱ्याच बायका त्या मारुतीच्या नावावर जन्मात पहिल्यांदा एकट्या घराबाहेर पडल्या. परत आल्या की त्यांचा चेहरा वेगळा असायचा. काका त्यांना काही विचारत नसत. फक्त त्यांच्या क्रेटवर खडूनं एक रेघ मारत, तिकीट फाडल्यासारखी.

मग आत्याबाईची फेरी आली.

माझ्या आधी तिची. ती माझ्यापेक्षा हुशार, आणि हट्टी. सकाळी नवं लुगडं नेसून निघाली. सौंसरला उतरली, बोर्ड वाचून जामसांवलीची गाडी धरली, दर्शन घेतलं, परत सौंसरच्या स्टँडवर आली. इथवर सगळं बरोबर. समोर गाडी उभी, बोर्डावर स्पष्ट 'पांढुर्णा'. तिनं दोनदा वाचलं आणि चढली. गाडी निघाली. रस्ता वेगळा दिसू लागला, तिला कळत होतं. डोंगर भलत्याच बाजूला येत होता. तरी ती गप्प बसून राहिली. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा रामाकोना जवळ आलं होतं.

"पांढुर्णा? अवं मावशी, हे तं छिंदवाड्याले जाऊन राह्यली!"

साऱ्या गाडीनं मान वळवून पाहिलं. तिला फाट्यावर उतरवून दिलं. तिथून कशी आली, कोणी ट्रॅक्टरवर घेतलं, कोणी नाही घेतलं, हे तिनं नीट कधी सांगितलं नाही. घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. आम्ही सगळे दारात. मामाजी, म्हणजे माझे सासरे, रागानं पांढरे पडलेले.

"रस्ता दुसरा हाय हे दिसलं नाही तुले?"

"दिसलं नं," आत्याबाई म्हणाली. लुगड्याला धूळ, हातात मारुतीचा नारळ. "पन लिहेलं होतं, पांढुर्णा. म्हनलं, लिहेलं हाय म्हनजे बराबरच असन."

माझ्या नवऱ्याला हसू आलं. मामाजींना नाही आलं. "झालं शिकनं. उद्यापासून दोघीबी दुपारी घरी भाकर खाले या." दुसऱ्या दिवशी मंडीत ही गोष्ट पोचली होती. आणखी तिघी-चौघींच्या घरून निरोप आले. दुपारी मी भाकर खायला निघाले तेव्हा पाहिलं, पालथ्या क्रेटच्या रांगेत मध्ये मध्ये जागा रिकाम्या होत्या आणि काका खांबाला टेकून उभे होते. हलत नव्हते. मी तेव्हा जोडाक्षरांत अडकलेली होते. आता इथंच राहणार, असं वाटलं. अर्धवट. चौथीत सुटलं तसं पुन्हा.

त्याच संध्याकाळी काका आमच्या घरी आले. दारातच उभे. मामाजी म्हणाले, "बसा." काका म्हणाले, "नाही, ठीक हाय." मामाजींचा पारा चढला. "आमच्या घरी बसाचंबी नाही का तुमाले?"

तेव्हा काका बसले. खाटेच्या कडेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मी चुलीपाशी होते. तो माणूस बसला की किती लहान दिसतो, हे मला तेव्हा दिसलं.

"बाईची चूक नाही," ते म्हणाले. "बाईनं बराबर वाचलं. बोर्ड खोटा होता."

"कोनाचा बोर्ड?"

"आमचा. कंडक्टर लोकाइचा. टिनाचा राह्यते तो, कडीले अडकवेल. एका बाजूनं पांढुर्णा, एका बाजूनं छिंदवाडा. टोकाले पोचलं का पलटवा लागते. कोनी पलटवत नाही. म्याबी जलमभर पलटवला नाही. काऊन पलटवू? कोन वाचे? म्या वरडो, लोक माया आवाजावर चढे. हे ध्यानातच नाही आलं का आता म्या वाचनारे तयार करून राह्यलो."

आतून आत्याबाईचा आवाज आला, "वा! म्हनजे आमाले शिकवलं खरं वाचाले, न तुम्ही लिहेलं खोटं!"

"कले, गप," मामाजी म्हणाले. पण काकांनी मान हलवली. "बराबर बोलून राह्यली ती."

काकांनी गुडघा चोळला आणि खाली बघत म्हणाले, "माई घरवाली, शांता, इचाराले लाजे. बोर्ड वाचता येत नव्हता, न कोनाले इचारनं तिच्यानं होये नाही. म्हनून ती कुठं गेलीच नाही. माहेर तिचं लोधीखेड्याले. इथून किती? म्या रोज सौंसरवरून गाडी घेऊन जाओ, साऱ्या दुनियेच्या बायाइले माहेरी पोचवो. तिले म्हनो, जाऊ आपन, सुटी मिळाली का जाऊ. सुटी मिळाली तवा तिची आई राह्यली नव्हती." मग मान वर केली. "म्हनून म्या ह्याइले म्हनतो, इचारू नका."

मामाजी मऊ झाले नाहीत. ते तसे होणारेच नाहीत. म्हणाले, "मंग आता काय, साऱ्या गाड्याइचे बोर्ड तुम्ही पलटवसान?"

"पलटवतो नं."

"पलटवा. तवापर्यंत आमच्या बाया कुठं जानार नाही."

टोमणा होता तो. काकांनी तो कामासारखा घेतला.

दुसऱ्या सकाळपासून ते पांढुर्ण्याच्या स्टँडवर. गाडी आली की पुढं जाऊन बोर्डाकडे बघायचे, उलटा असला की कंडक्टरला हाक. पोरं त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. थट्टा करायला मोकळी. काका दुरून दिसले की एक ओरडायचा, "बोर्ड पलटवा, डोंगरे आले!" मग सगळे ओरडायचे. ओरडायचे, पण पलटवायचे नाहीत. मग काका स्वतः चढायचे बंपरवर, सुजलेल्या पायानं. एकदा तर ते वर असतानाच ड्रायव्हरनं गाडी थोडी पुढं घेतली, गंमत म्हणून. ते पडले नाहीत. उतरले, पँट झटकली आणि त्याला म्हणाले, "तुई माय वाचते का रे?" मी मंडीत जाताना पाहायची, त्याच्या गाडीचा बोर्ड त्यानंतर बरोबर असायचा.

दुपारी वर्गाला ते धापा टाकत यायचे. आम्ही दोघी नव्हतोच त्यात. मी घरी भाकर खायची आणि चुलीच्या राखेत काडीनं जोडाक्षरं काढून पुसून टाकायची. मामाजींचं मन वळत नव्हतं, आणि एकट्या म्हाताऱ्यानं साऱ्या गाड्या सुधारणं होणार नव्हतं. हे सगळ्यांना दिसत होतं. त्यांनाही दिसत असावं. तरी सकाळी ते स्टँडवर.

एका मंगळवारी आत्याबाई उठली, तेच लुगडं नेसली, पायात चप्पल घातली.

"कुठं?" मामाजी.

"जामसांवली."

"बोर्ड सुधरले का?"

"बोर्ड नाही सुधरले. म्या सुधरली. वाचीनबी न इचारीनबी. बोर्ड लावनारा तं मानूसच हाय नं, त्याले इचारा लागनच, बाप्पा, खरं लावला का खोटा लावला." आणि गेली. मामाजी दारापर्यंत गेले, हाक मारली नाही.

दुपार कलायच्या आत ती परत आली. नारळाचा तुकडा मामाजींच्या हातावर ठेवून म्हणाली, "घ्या. आज छिंदवाडा नाही पाह्यला." मामाजींनी खोबरं तोंडात टाकलं, चावलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिलेबी घेऊन जात जा दुपारची."

वर्गात ती उभी राहून काकांना सरळ म्हणाली, "तुमचा नियम अर्धा हाय. वाचाचं, मंग इचाराचं. वाचून इचारलं का लाज नाही वाटत. मालूम असते नं आपल्याले काय इचारून राह्यलो ते." काका खांबाला टेकून ऐकत होते. कानावरचा खडू काढला, तिच्या क्रेटवर रेघ मारली. नियम त्या दिवसापासून बदलला. पण शब्द अडला की ओठ मिटून वर बघणं काही बदललं नाही.

माझी फेरी शेवटपर्यंत झाली नाही. मी ती पुढच्या मंगळवारवर ढकलायची. काका म्हणायचे, "ठीक हाय, दुसरी गाडी येते." आणि मग तिरुपूरचं काम ठरलं.

निघालो त्या दिवशी सकाळी स्टँडवर गर्दी. नागपूरला जायचं, तिथून दक्षिणेची रेल्वे. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या, दोन्हींची इंजिनं सुरू, सामान आमच्या डोक्यावर. काका तिथं होतेच. माझा नवरा घाईघाईनं म्हणाला, "काका, नागपूरची कोन्ती?"

त्यांना माहीत होतं. अख्ख्या स्टँडमध्ये त्यांनाच सगळ्यात आधी माहीत असायचं. त्यांनी ओठ मिटले आणि वर पत्र्याकडे बघायला लागले.

"काका, गाडी सुटून राह्यली नं!" नवरा चिडला. मी एकीचा बोर्ड वाचला. मग दुसरीचा. दोन्हींवर नागपूरच. मग दुसरीच्या दारातल्या कंडक्टरकडे गेले. त्याला विचारलं, "भाऊ, नागपूर लिहेलं हाय. पलटवेल हाय का, कालचंच हाय?"

तो पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. मग काकांकडे बघून ओरडला, "ओ डोंगरे! हे तुमचीच दिसते! पलटवेल हाय बाई, पलटवेल हाय. चढ."

आम्ही चढलो. मी दार सोडून आत गेले, खिडकीशी बसले. काकांनी गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, निघ म्हणून. कंडक्टरची खूण ती. माझ्याकडे पाहिलं का, ते मला नक्की सांगता येणार नाही.

इथं शेजारच्या मशीनवरच्या तामिळ सेल्वीला मी आता रोज एक बोर्ड वाचायला लावते, आणि दुसऱ्या दिवशी तोच मी वाचते. मी अडले की ती लगेच सांगायला जाते. मी तिला हातानं थांबवते, थांब, सांगू नको. तिला ते विचित्र वाटतं. आत्याबाईला मी फोनवर म्हटलं, काकांची खाट अशी टाका की रस्ता दिसेल. ती म्हणाली, "टाकेलच हाय. तिथून वरडते लोकाइवर."

बरं वाटलं. पण डोळे मिटले की खाट नाही दिसत. गाडी स्टँडबाहेर वळताना मी खिडकीतून मान काढली होती, तेव्हाचंच दिसतं. काका शेजारी उभ्या राहिलेल्या गाडीच्या बंपरवर चढले होते, एक पाय अधांतरी. त्यांनी कडीतून बोर्ड काढला, पलटवला, परत अडकवला. खाली उतरले. मग दोन पावलं मागे सरकले आणि आम्ही वाचायचो तसं, ओठ हलवत, एकेक अक्षर धरून, त्यांनी तो बोर्ड वाचला.